पळस्प्याचे वीस रहिवासी

पनवेलच्या बंदरातून गलबतांवर तांदूळ चढवणारे दाऊद नाखवा. त्यांचे चिरंजीव हुसैन नाखवा, ज्यांचा शब्द ओमानच्या मतरह बंदरात पावतीवाचून चाले. आणि हुसैनमियांचे पुत्र इस्माईल, ज्यांनी खाडी गाळाने भरत चालल्याचे इतरांच्या आधी ओळखले, गलबत विकले आणि त्या पैशांतून भाताची गिरणी उभी केली. या तिघांनंतर चौथ्या पिढीत आली ती मुलगी. इस्माईलमियांना मुलगा नव्हता, आणि नूरुन्निसाने त्यांना त्याची उणीव कधी भासू दिली नाही.

दोन हजार सतरा साली नूरुन्निसा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. गिरणीच्या जागी आता तिच्या मालकीची गोदामे होती. मुलगा-सून दोहाला स्थायिक झाले होते. नातू फुजैल आणि नात यूम्ना तिच्याजवळ राहत. सकाळच्या चहाला दोघांनी समोर बसायचे आणि कालच्या दिवसाचा वृत्तांत द्यायचा, हा त्या घराचा नियम होता. यूम्ना सनदी लेखापाल झाली, खांदा कॉलनीत तिने स्वतःचे कार्यालय थाटले, तरी नियमात सूट मिळाली नव्हती.

नूरुन्निसाला आयुष्यात एकच गोष्ट सलत असे. तिच्यावर एक देणे होते आणि ते फेडण्याची वाट सापडत नव्हती.

एकोणीसशे त्र्याऐंशीत तिचे पती अय्यूब मतरहमध्ये ज्या कंपनीत कामाला होते ती एका रात्रीत बुडाली. तिकडचा कायदा कडक. ज्याला कोणी स्थानिक जामीनदार नाही, त्या परदेशी माणसाला तिथे राहता येत नाही. अशा जामीनदाराला तिकडे कफील म्हणतात. अय्यूब यांना आठवड्याची मुदत मिळाली. पदरी दोन मुले, गिरणीवर कर्ज, आणि हातात परतीचे तिकीट. तेव्हा नासर बिन सालिम नावाचा खजुराचा व्यापारी, ज्याची ओळख एवढीच की त्याच्या वडिलांनी कधीकाळी हुसैन नाखवांचा तांदूळ घेतला होता, तो स्वतः कचेरीत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, हा माणूस माझा. पुढे एकोणीस वर्षे तो अय्यूब यांचा कफील राहिला. इतर कफील दरमहा आपला वाटा कापून घेत, कामगाराचा पासपोर्ट तिजोरीत ठेवत. नासरने एक रियाल घेतला नाही आणि पासपोर्टाला हात लावला नाही.

अय्यूब परत आले, सात वर्षे घरी सुखाने राहिले आणि गेले. त्या सात वर्षांत नूरुन्निसाने मतरहला हापूसच्या पेट्या पाठवल्या, पैठणी पाठवली, एकदा सोन्याचे कडे पाठवले. कडे परत आले. आंबे नासरने वाटून टाकले. ज्याच्या घरी काही कमी नाही, त्याचे देणे फेडायचे तरी कशाने?

मग दोन हजार सोळाच्या अखेरीस नासरचा मुलगा सालिम तिच्या दिवाणखान्यात येऊन बसला. वय पन्नाशीचे, पांढराशुभ्र लांब झगा, आणि हिंदी मुंबईकरांना लाजवील अशी. मतरहच्या व्यापाऱ्यांची ती जुनी सवयच आहे.

"खाला," मावशीला हाक मारावी तसा तो म्हणाला, "बारह साल से इधर मछली का धंदा करता हूँ. उरण से माल लेता हूँ, न्हावाशेवा से भेजता हूँ. हर एक सौ अस्सी दिन में हवाई जहाज पकड़ना पड़ता है, जैसे चोरी करके भाग रहा हूँ. अब आपकी सरकार ने नया कायदा निकाला है."

कायदा असा होता. परदेशी नागरिकाने दीड वर्षात दहा कोटी रुपये भारतात गुंतवावेत, त्या गुंतवणुकीतून दरवर्षी किमान वीस निवासी भारतीयांना रोजगार मिळावा, म्हणजे त्याला दहा वर्षे इथे राहण्याची परवानगी मिळे. मग ठरावीक दिवसांनी देश सोडणे नको. एक घरही घेता येई. सालिमला पनवेलजवळ पळस्प्याला मासळीचे शीतगृह घालायचे होते. पैसा तयार होता. पण अर्जात इथल्या ओळखीच्या माणसाचे नाव द्यायचे होते, आणि पैसा आणणे वेगळे, पनवेलमध्ये त्यातून धंदा उभा करणे वेगळे, हे त्याला पुरते ठाऊक होते.

नूरुन्निसाने त्याला पुढे बोलू दिले नाही.

"फुजैल, फोन लाव. मतरहला."

नासर तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"शेख," ती म्हणाली, "तुमचा मुलगा पनवेलचा रहिवासी होईल. ही माझी जबाबदारी."

यूम्नाने भुवया उंचावल्या. परवानगी सरकार देणार, दादी नव्हे. पण हे त्या घरात कोणी बोलून दाखवले नसते.

जागा मिळाली, शेड उभी राहिली, यंत्रे आली. दहा कोटी ऐंशी लाख रीतसर बँकेतून आले आणि यूम्नाने पै-पैचा कागद ठेवला. दोन हजार सतराच्या डिसेंबरात उणे अठरा अंशांवर पहिली कोळंबी गोठली. उरले वीस जणांचे काम, आणि ते नूरुन्निसाने स्वतःच्या हाती घेतले.

पहिल्याच दिवशी उरणजवळच्या करंज्याची गंगाबाई येऊन गेली. तीस वर्षे ती पनवेलच्या बाजारात मासळी विकत होती आणि तीस वर्षे नूरुन्निसा तिच्याशी घासाघीस करत होती. "भाबी, माज्या बायका घे," ती म्हणाली. "कोलंबी हातात घेतली की वजन सांगतात." नूरुन्निसाने तिला चहा दिला आणि सांगितले, "गंगाबाय, ही यंत्रांची कामं आहेत. तिथे शिकलेले हात लागतात." गंगाबाई चहा संपवून, पदर झटकून निघून गेली.

शिकलेले हात मोहल्ल्यातच होते. तेलाचे भाव पडल्यामुळे आखातातल्या कंपन्यांनी माणसांना लांबलचक बिनपगारी रजेवर घरी धाडले होते. कोणी दम्मामच्या शीतगृहात बारा वर्षे काढलेला, कोणी शारजात फोर्कलिफ्ट चालवलेला. नूरुन्निसाने एकेकाला समोर उभे केले, बापाचे नाव विचारले आणि पंधरा दिवसांत वीस जागा भरल्या. शीतगृह घड्याळासारखे चालू लागले. फेब्रुवारीपर्यंत ती स्वतःवर खूष होती.

फेब्रुवारीच्या मध्यावर सकाळच्या चहाला यूम्ना एक पाकीट घेऊन बसली.

"दादी, रजेचे सात अर्ज आलेत. एकाच आठवड्यात."

"लग्नसराई आहे."

"लग्न नाही. कारण वाचते. 'ठप्पा मारून येण्यासाठी.' सातही अर्जांवर हेच."

फुजैल हसला. "अगं, त्यात काय? सहा महिन्यांच्या आत तिकडे पाय लावला नाही तर व्हिसा मरतो. चार दिवस जाऊन येतील. अब्बा नाही का करायचे?"

"तेच म्हणतेय मी," यूम्ना म्हणाली. "अब्बा करायचे म्हणून आपल्याला त्यात काही वाटलंच नाही. कायद्यात 'निवासी भारतीय' असा शब्द आहे. हे सातजण या आर्थिक वर्षात सहा महिनेसुद्धा भारतात नव्हते. ऑक्टोबरात आलेत. कागदोपत्री ते तिकडचे रहिवासी आहेत. वीसमधून सात गेले, राहिले कायमचे परतलेले तेरा. एकतीस मार्चला तेराच दिसले तर सालिमचाचांचा अर्ज तिथेच संपला. पैसा अडकलेला, आणि माणूस पुन्हा विमानतळावर."

त्या मोहल्ल्यात जिवंत व्हिसा म्हणजे रेशन कार्डासारखी गोष्ट होती. ज्याच्या त्याच्या कपाटात असायचीच. तो आहे का, हे विचारायचे कोणाच्या मनात येणार? नूरुन्निसाने वीसही जणांना बापाचे नाव विचारले होते, आजोबांचे विचारले होते, नमाज पढतोस का विचारले होते. तू राहतोस कुठे, हे एकालाही विचारले नव्हते.

"निवड माझी होती," ती म्हणाली. "चूक माझी आहे. हे मी एकदा बोलले, आता पुन्हा बोलणार नाही. त्या सातांना दुपारी बोलाव."

सातजण आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांत सर्वांत मोठा बशीर, चाळिशी उलटलेला. नूरुन्निसाने त्यांना सरळ विचारले: तिकडचा व्हिसा सोडून इथे कायमचे राहाल का?

बशीरने मान खाली घातली. "चाची, तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. पण इथला पगार बावीस हजार. कंपनीने परत बोलावलं तर तिथे सत्तर. मुलगी बारावीला आहे."

"मला खोटं सांगितलं नाहीस, हे चांगलं केलंस."

"चाची, तुम्ही विचारलं असतं तर तेव्हाही खरंच सांगितलं असतं."

हे तिला बोचले, पण ते खरे होते. मुलांच्या शिक्षणाचा घास आपल्या वचनासाठी काढून घेणे तिला मंजूर नव्हते. तिने सातांनाही महिन्याचा पगार देऊन मोकळे केले.

दुसऱ्या दिवशी वाशीहून कल्पेश आला. परदेशी गुंतवणूकदारांची कागदपत्रे तयार करून देणारा तो सल्लागार. गुळगुळीत बोलणे आणि त्याहून गुळगुळीत बूट. सालिमला त्यानेच हा कायदा प्रथम समजावला होता.

"मॅडम, एवढ्यासाठी टेन्शन कशाला? सात नावं मी देतो. आधार, बँक खातं, सगळं तयार असतं माझ्याकडे. पगार खात्यात जाईल, दोन दिवसांनी परत येईल. दहा टक्के त्यांचे, पाच माझे."

"आणि ही माणसं काम काय करतात?"

"कोण माणसं?"

"ज्यांची नावं तुम्ही देणार आहात ती."

कल्पेश हसला. "मॅडम, ती माणसं नाहीत हो. ती नावं आहेत."

सालिम शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. सव्वा वर्ष आणि दहा कोटी त्याने लावले होते. त्याने नजर नूरुन्निसाकडे वळवली आणि तिला दिसले की या माणसाला या क्षणी 'हो' हवे आहे.

"सालिम," ती म्हणाली, "तुझ्या वडिलांनी अय्यूबमियांसाठी कचेरीत एक खरा माणूस उभा केला होता. तो म्हणजे ते स्वतः. तुझ्यासाठी मी भुतं उभी केली, तर मतरहला काय तोंड दाखवू? उद्या कोणी साहेब आला आणि म्हणाला, सात नंबरला बोलवा, तर तुला दहा वर्षं नाही, दहा तासही इथे काढता येणार नाहीत. एकतीस मार्चला अजून चाळीस दिवस आहेत. मला दे."

सालिमने घाम पुसला. "दिए, खाला."

कल्पेश उठला. "मॅडम, चाळीस दिवसांत कोल्ड स्टोरेजची अनुभवी माणसं कुठून आणणार?"

"तुमच्या बुटांना मासळीचा वास लागेल, म्हणून सांगत नाही," नूरुन्निसा म्हणाली, आणि फुजैलला गाडी काढायला सांगितले.

करंज्याला गाडी पोहोचली तेव्हा गंगाबाई अंगणात जाळ्याच्या ढिगाशेजारी बसून सुके बोंबील निवडत होती. तिने वर पाहिले, ओळखले, आणि पुन्हा बोंबलांत लक्ष घातले. चौऱ्याहत्तर वर्षांची नूरुन्निसा, जिच्यासाठी पनवेलच्या बाजारात लोक वाट सोडत, ती त्या अंगणात उभी राहिली. बसायला कोणी सांगितले नाही.

"गंगाबाय."

"बोल, भाबी. सुरमई नाय आज."

"सुरमईसाठी आले नाही. तुझ्या बायकांसाठी आले."

"ती यंत्रांची कामं हायत ना?" गंगाबाईने एक बोंबील उचलून बाजूला टाकला. "शिकलेले हात पायजेत. माज्या बायका अडानी."

फुजैल पुढे झाला. "मावशी, दादीला तसं म्हणायचं नव्हतं—"

"तसंच म्हणायचं होतं," नूरुन्निसाने त्याला थांबवले. "मी तेव्हा चुकीचं बोलले. माझी माणसं निघून गेली. ती इथली नव्हतीच. मला इथे राहणारी माणसं हवीत, आणि तुझ्याइतकं इथलं कोणी मला माहीत नाही."

गंगाबाईचे हात थांबले. तीस वर्षांत तिने या बाईकडून अर्ध्या रुपयाची माघार पाहिली नव्हती. ती हसली, इतकी मोठ्याने की शेजारच्या दारातून दोघी डोकावल्या.

"आगो, आयकलात का? भाबी चुकली!" मग तिने पाट पुढे सरकवला. "बस आता. ऊन लागेल. कवडी पायजेत?"

"सात."

"सात नाय, नऊ देते. दोघी बहिणी हायत, एकीला घेतलीस नि दुसरीला सोडलीस तर घरात भांडान."

"नऊ."

"आनि आयक. कागद प्रत्येकीच्या नावाचा. नवऱ्याच्या नावाचा नाय."

"यूम्नाला तेच हवं आहे."

"पीएफ पायजे. बूट बाईच्या मापाचे पायजेत. गड्यांचे बूट घालून बर्फावर आमी पडू. आनि तुज्या मोहल्ल्यातला मुकादम आमच्यावर नको. आमच्यावर मी."

"मुकादम तू. पण मालाची नोंद फुजैल घेईल."

"घेऊ दे. त्याला कोलंबीचा आकार शिकवीन मी." तिने फुजैलला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "वेल लागेल."

"पगार मात्र ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त नाही," नूरुन्निसा म्हणाली.

"हां! आता माजी भाबी बोल्ली."

नऊ जणींची नेमणूकपत्रे दोन दिवसांत तयार झाली. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे बाईच्या मापाचे थंडीचे बूट मिळेनात. सालिमने ते स्वतः शोधून मागवले आणि माप बरोबर आहे का, हे एकेकीला विचारून घेतले. पहिल्या आठवड्यात दोघींच्या बोटांना गारठ्याने फोड आले आणि गंगाबाईने काम बंद पाडले. आत वीस मिनिटे, बाहेर दहा, हा तिचा नियम. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातही जवळजवळ तोच होता, पण तोवर ते कोणी वाचलेच नव्हते. दुसऱ्या आठवड्यापासून कोळंबीची प्रतवारी इतकी चोख होऊ लागली की मतरहच्या ग्राहकाने फोन करून विचारले, नवीन यंत्र घेतले काय?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तपासणीला एक अधिकारी आले. चष्म्यातून कागद पाहायचे, चष्म्यावरून माणूस. त्यांच्या हाती यादी होती. बावीस नावे. तेराजण मोहल्ल्यातले आणि शेजारच्या गावांतले, नऊजणी करंज्याच्या.

"मी कुठलंही नाव घेईन," ते म्हणाले. "ती व्यक्ती समोर यायला हवी."

"घ्या," नूरुन्निसा म्हणाली. ती शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती.

त्यांनी एक नाव घेतले. शोभा नावाची एक तरुण बाई हातमोजे काढत, वाफा सोडत बाहेर आली.

"तुम्ही राहता कुठे?"

"करंज्याला."

"परदेशात कधी गेलात?"

शोभाने गंगाबाईकडे पाहिले, मग साहेबांकडे. "घारापुरीला गेली होती एकदा. बोटीतून. ते धरायचं का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायला त्यांना तेवढा वेळ पुरला नाही. त्यांनी आणखी आठ नावे घेतली, आठहीजण आले. मग त्यांनी सालिमला बाजूला घेतले आणि विचारले, तुम्हाला पैसा कुठेही लावता आला असता, तर पनवेलच का?

सालिमने उत्तर तयार करून ठेवले होते. बंदर, महामार्ग, होऊ घातलेला विमानतळ. पण तो म्हणाला, "साहब, इधर मेरी खाला है."

अधिकाऱ्यांनी नोंदवहीत काय लिहिले ते कोणाला कळले नाही.

आदेश आला जुलैत. यूम्नाने तो सकाळच्या चहाला वाचून दाखवला, आरंभापासून सहीपर्यंत, कारण दादीला सारांश चालत नसे. दहा वर्षांचा निवास, येण्याजाण्याची मुभा, राहण्यासाठी एक घर घेण्याचा हक्क. सालिम खाली मान घालून ऐकत होता. वाचन संपल्यावर त्याने खिशातून एक कागद काढला: शीतगृहातला पाच टक्के हिस्सा, नूरुन्निसाच्या नावे.

"हा फाड," ती म्हणाली.

"खाला, यह आपका हक है."

"माझा हक्क मी विकत नाही. तुझ्या वडिलांनी कडं परत पाठवलं होतं, तेव्हा मी रागावले होते. आज कळतं, त्यांनी ठीक केलं. फोन लाव."

मतरहला कोणीतरी फोन नासर यांच्या कानाशी धरला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आवाज आता फार लहान झाला होता, पण स्पष्ट होता. मुलाने त्यांना सगळे आधीच सांगितले असावे: सातजणांचे, नऊजणींचे, वाशीच्या माणसाचे.

"नूरुन्निसा," ते म्हणाले, "अब तुम्हारा एहसान मेरे ऊपर हो गया. मैं कैसे चुकाऊँ?"

इतर कोणाशीही तिने हिशोबात देणे चढू दिले नव्हते, येणे ठेवलेही नव्हते. ती ताठ बसली.

"नाही, शेख. कोणाचं कोणावर काही चढलं नाही. तुम्ही माझा एक माणूस तुमच्या गावात राहू दिला. मी तुमचा एक माणूस माझ्या गावात राहू दिला. तुम्ही त्यासाठी काही घेतलं नाही, मीही घेतलेलं नाही. यापुढे तुम्ही आंबे पाठवू नका, मी खजूर मागणार नाही."

पलीकडे म्हातारा खूप वेळ हसत राहिला. खोकला आला, थांबला, पुन्हा हसला.

"आंबे तो तुम भेजती थीं."

"मग तेही बंद."

"बराबर?" त्यांनी विचारले.

"बराबर."

"पूरा?"

नूरुन्निसाने सालिमकडे पाहिले. तो यूम्नाला विचारत होता की खांदा कॉलनीत घर घेतले तर मासळीबाजार पायी किती लांब पडेल.

"पूर्ण," ती म्हणाली. "काही बाकी नाही."